एकोणीस दिवसांचे जुलाब: काळाचौकीतल्या एका बाळाचं प्रकरण

बाळ मुलगी, वय दहा महिने. घर काळाचौकीच्या एका संक्रमण शिबिरात, तिसऱ्या मजल्यावर. घरात आई, वडील आणि वडिलांची आई. आई वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका कार्यालयात नोकरीला. बाळंतपणाची रजा संपल्यावर ती कामावर रुजू झाली, तेव्हापासून दिवसभर बाळ आजीकडे. वडील गोदामात पाळीने काम करतात. नावं मुद्दाम गाळली आहेत.

परळला ज्या बालरोगतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात मी आहारसल्ल्यासाठी बसते, तिथे हे कुटुंब २०२५ च्या जुलैअखेरीस आलं. तेव्हा जुलाब सुरू होऊन एकोणीस दिवस झाले होते. या प्रकरणात दुर्मीळ असं काही नाही. पावसाळ्यात अशी बाळं आठवड्याला येतात, आणि बहुतेकांच्या पिशवीत तीच औषधं, तीच पेयं आणि घरात तोच वाद असतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात नेहमीसारखीच झाली होती. पहिल्या रात्री तीन-चार उलट्या, अंग कोमट, सकाळपासून पाण्यासारखी शी. दुसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या, ताप उतरला, पण शी दिवसाला दहा-बारा वेळा. नाक्यावरच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं सिरप, पोट थांबवायचे थेंब, झिंकच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटं दिली. पाचव्या दिवसापर्यंत शी सहावर आली. सगळ्यांना वाटलं, सुटलो. आठव्या दिवसापासून पुन्हा आकडा चढला. मग दुसरे डॉक्टर, दुसरं सिरप. मग शेजारणीने सांगितलेली पुडी. मग दृष्ट काढून झाली. दात येतायत म्हणून होत असेल, असंही ठरलं आणि त्यावर चार दिवस गेले. दातांमुळे बाळ चिडचिड करतं, लाळ गाळतं, दिसेल ते तोंडात घालतं, आणि तोंडात घातलेल्या वस्तूंवरून जंतू पोटात जातात हे खरं. पण नुसत्या दातांनी दिवसाला दहा वेळा पाण्यासारखी शी होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे अचानक सुरू झालेले जुलाब १४ दिवस किंवा त्याहून जास्त टिकले, की त्यांना लांबलेले जुलाब म्हणतात. ही रेघ कागदी वाटली तरी उपयोगी आहे. चौदा दिवसांच्या आत बाळाला मुख्य धोका पाणी आणि क्षार कमी होण्याचा असतो. त्यानंतर तो असतोच, पण उपासमार त्याच्या बरोबरीला येऊन बसते.

तपासणीत जे दिसलं

बाळ हाताळल्यावर रडत होतं, रडताना डोळ्यांत पाणी येत होतं, जीभ ओलसर होती, टाळू खोल गेलेली नव्हती. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर बसत होती. म्हणजे पाणी फारसं कमी झालेलं नव्हतं. पण मांड्या सुटलेल्या दिसत होत्या, आणि कुल्ल्यांवर व जांघेत कातडी लालभडक, दोन ठिकाणी सोलवटलेली.

मग डॉक्टरबाईंनी माता-बाल संरक्षण कार्ड मागितलं. आईने ते आणलं होतं, पण ‘लसी सगळ्या झाल्यात’ एवढं दाखवायला. लसी खरंच पूर्ण होत्या. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला रोटाव्हायरसचे थेंबही दिलेले होते (महाराष्ट्रात ते सरकारी लसीकरणात २०१९ पासून मिळतात). ही लस रोटाव्हायरसचा गंभीर आजार बराच टाळते, पण जुलाब करणारे विषाणू इतरही आहेत. आम्हाला त्या कार्डावर हवा होता दुसराच आकडा. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस देताना आरोग्यसेविकेने वजन लिहिलं होतं: ८.१ किलो. दवाखान्याच्या काट्यावर बाळ भरलं ७.४ किलो. दहा महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन ८.५ किलोच्या आसपास असतं. महिन्याभरापूर्वी ती त्या मधल्या रेषेला जवळजवळ टेकून होती, आता बरीच खाली घसरली होती.

घरात कुणालाही हे आकडे ठाऊक नव्हते. शी किती वेळा झाली हे मात्र आजींना तोंडपाठ होतं. कॅलेंडरच्या चौकोनांत त्यांनी रोज उभ्या रेघा मारल्या होत्या.

शी पिवळट, फेसाळ, आंबूस वासाची आणि फुसकन वाऱ्यासकट येणारी होती. रक्त नाही, आव नाही. दवाखान्यातच ताज्या शीची चाचणी केली तर ती आम्लधर्मी निघाली, आणि न पचलेली साखर तिच्यात सापडली. सूक्ष्मदर्शकाखाली जिआर्डिया, म्हणजे जुलाब लांबवणारा परजीवी, दिसला नाही. लघवी तपासायला पाठवली, कारण लहान बाळांत लघवीच्या संसर्गानेही जुलाब लांबू शकतात आणि ते सहज निसटतं. ती पुढे स्वच्छ आली. कान पाहिले, छाती ऐकली. तिथेही काही नव्हतं.

निदान असं: विषाणूजन्य जुलाबांनंतर लांबलेले जुलाब, आणि त्यात तात्पुरती दुधातली साखर न पचणं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर गालिच्याच्या लोकरीसारखे बारीक उंचवटे असतात. त्यांच्या टोकावर लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य असतं, आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, तेच फोडतं. विषाणू नेमकी ही टोकं खुडतात. ती पुन्हा उगवेपर्यंत दुधातली साखर न पचता खाली मोठ्या आतड्यात जाते. तिथले जीवाणू ती आंबवतात. त्यातून वायू आणि आम्ल तयार होतं, आणि न पचलेली साखर आपल्याभोवती पाणी ओढून धरते. फेस, आंबूस वास, भाजल्यासारखे कुल्ले हे सगळं एकाच साखळीतून येतं. तेव्हा जंतू बहुधा केव्हाच निघून गेलेला असतो. नवीन टोकं उगवायला मात्र बाळाला अन्न लागतं, आणि तेच बंद केलेलं असतं.

दिवसभरात पोटात काय जात होतं

डॉक्टरबाईंनी बाळ माझ्याकडे पाठवलं ते या एका प्रश्नासाठी. मी आजींना म्हटलं, काल सकाळपासूनचं सांगा, घोट न् घोट. त्या आधी म्हणाल्या, “काय देणार? पोट खराब म्हणून सगळं बंदच हाय.” मग एकेक निघत गेलं.

आईचं दूध पहाटे, आई कामावरून आल्यावर आणि रात्री. दिवसा डब्याचं दूध तीन वेळा, बाटलीने. पण पावडर निम्मी, कारण पूर्ण दूध जड पडतं. भाताच्या वरचं पातळ पाणी, चिमूटभर मीठ घालून. डाळिंबाचा रस, ‘बांधून येतं’ म्हणून. ग्लुकोजची पावडर पाण्यात, ताकद यावी म्हणून. औषधाच्या दुकानातून आणलेला सफरचंदाच्या चवीचा खोका, त्यावर मोठ्या अक्षरांत ओआरएस लिहिलेलं. दुकानदार म्हणाला होता, पाकिटापेक्षा हे बाळं आवडीने पितात. संध्याकाळी सहाणेवर उगाळलेली गुटी: मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, बाळहिरडा, सुंठ, खारीक. नाचणीचं सत्त्व, खिचडी, केळं, अंडं, तूप, तेल: बंद.

मी कागदावर ढोबळ हिशेब मांडला. आईचं दूध अंदाजे पाव लिटर धरलं तर सुमारे १६५ कॅलरी. निम्म्या पावडरचं दूध साडेचारशे मिलिलिटर, सुमारे १५०. भाताचं पाणी ३०. रस, ग्लुकोज आणि खोका मिळून शंभर-सव्वाशे. बेरीज साडेचारशेच्या आसपास. या वयाच्या नि वजनाच्या बाळाला साधारण साडेसहाशे लागतात, आणि आजारातून उठताना त्याहून जास्त. म्हणजे रोज दोनशेहून अधिक कॅलरींची तूट, जवळजवळ तीन आठवडे. जे पोटात जात होतं त्यातला चौथा हिस्सा नुसती साखर, आणि दुधातही लॅक्टोज. जवळपास सगळंच आतड्यात पाणी ओढणारं.

सफरचंदाच्या रसात लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते. त्यात फळसाखरेचा वाटा मोठा, शिवाय सॉर्बिटॉल हे साखरेसारखं गोड द्रव्य. दोन्ही बाळाच्या आतड्यात नीट शोषली जात नाहीत. खऱ्या ओआरएसच्या एक लिटर द्रावणात ग्लुकोज असतं फक्त १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम. हे प्रमाण योगायोगाचं नाही. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम एकाच दाराने जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात दोघांच्या कणांची संख्या समसमान ठेवली आहे. साखर वाढवली की जोडी फुटते आणि पाणी उलट आतड्यात येतं. ग्लुकोज पावडरच्या पाण्यात मीठच नाही, रसात साखरेचा पूर. अशा खोक्यांबद्दल पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आदेश काढला, की खाद्यपेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरता येणार नाही. या बाळाच्या वेळी ते उघड विकले जात होते.

खऱ्या ओआरएसचं काय झालं, असं मी विचारलं. पाकिटं होती, पण आजींनी एक लिटरचं अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं होतं. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं, म्हणून ‘तिला चालत नाही’ असं ठरलं. बरं झालं चाललं नाही. इतकं खारट द्रावण बाळाला धोक्याचं असतं, रक्तातलं मीठ वाढतं. पेल्यासाठी २०० मिलिलिटरची छोटी पाकिटं मिळतात. मोठं पाकीट असेल तर एक लिटर पाणी मोजूनच. घरातली एक लिटरची पाण्याची बाटली यासाठी पुरते.

“नुसत्या मीठ-साखरेच्या पाण्यानं काय व्हणार?” असं आजी म्हणाल्या तेव्हा मी त्यांना पश्चिम बंगालमधल्या बनगावची गोष्ट सांगितली. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून हेच द्रावण वाटलं, नातेवाइकांनीच ते रुग्णांना पाजलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आजींना छावणीची गोष्ट आवडली. पद्मविभूषणाने त्या जास्त हलल्या असाव्यात.

ठरलेली योजना

बंद करायची यादी मोठी निघाली: दोन्ही सिरपं, थेंब, पुडी, गुटी, रस, ग्लुकोज, खोका. शीत रक्त नसताना अँटिबायोटिकचा उपयोग सहसा नसतो, उलट काही अँटिबायोटिकांनी शी आणखी पातळ होते. पोट थांबवणारी औषधं एवढ्या लहान बाळात धोक्याची: आतडं गप्प बसतं, आजार आतच राहतो. प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी जीवाणूंचं औषध, द्यायचं का, यावर डॉक्टरबाईंचं आणि माझं थोडं बोलणं झालं. मला हरकत नव्हती. त्या म्हणाल्या, आता सात गोष्टी काढतो आहोत, त्यात आठवी घालायची नाही.

गुटीवर मात्र आजी अडल्या. “आमच्या टायमाला पाच पोरं गुटीवर वाढली.” मी मुरुडशेंगेशी वाद घातला नाही. सहाण दाखवायला सांगितली. सहाण, तिच्यावरचं पाणी, कोरडी न होणारी खारीक, उगाळणारा हात, एवढ्या ठिकाणी जंतूंना जागा मिळते. शिवाय जायफळाने बाळ सुस्तावतं, आणि सुस्त बाळ आजारामुळे सुस्त आहे की गुटीमुळे हे डॉक्टरला कळत नाही. हा दुसरा मुद्दा त्यांना पटला. निदान बाळ बरं होईपर्यंत सहाण वर ठेवायचं कबूल झालं.

झिंक आधी चारच दिवस दिलं होतं, चवीमुळे बाळ थुंकतं म्हणून सोडलं होतं. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, शी थांबली तरी, असा नियम आहे. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. गोळी चमचाभर आईच्या दुधात विरघळवली की चव लपते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत ओआरएस आणि झिंक दोन्ही फुकट मिळतं. आईला हे माहीत नव्हतं.

आईचं दूध वाढवायचं. यावर आईच चकित झाली, कारण ‘दूधच पचत नाही’ हे निदान ऐकून तिने अंगावरचंही बंद करायचं मनात ठरवलं होतं. आईच्या दुधातही लॅक्टोज असतं, पण ते थोडं-थोडं, हळूहळू जातं आणि त्याच्यासोबत आतड्याला दुरुस्त करणारे घटक जातात. ते तोडायचं नसतं. तिने आठवडाभर रजा घेतली. नंतर कार्यालयात दूध काढून थंड पिशवीतून आणायची तयारी दाखवली.

डब्याचं दूध मात्र काही आठवडे थांबवायचं. हे दहा महिन्यांच्या, घरचं जेवू शकणाऱ्या बाळात जमतं. चार महिन्यांच्या बाळात असं परस्पर करता येणार नाही, तिथे डॉक्टर लॅक्टोज नसलेलं दूध सुचवतील. त्याच्या जागी आम्ही काय दिलं, हा माझ्या आवडीचा भाग.

कुरमुरे. बिनखाऱ्याचे, चाळून, कोरडे भाजून, मिक्सरमधून बारीक पीठ. एका वाटीत तीन-चार चमचे पीठ, ताजं घरचं दही, एक चमचा तेल, अगदी थोडी साखर. कुरमुऱ्याचं पीठ शिजवायला लागत नाही आणि भातासारखं फुगून घट्ट होत नाही, त्यामुळे थोड्या मापात जास्त अन्न मावतं. देशातल्या रुग्णालयांत लांबलेल्या जुलाबांच्या बाळांना कुरमुऱ्यांचा आहार पूर्वापार देतात. दह्यात जीवाणूंनी लॅक्टोजचा काही भाग आधीच फोडलेला असतो, म्हणून दूध न सोसणाऱ्या बाळाला दही बहुधा सोसतं. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, चमचा उभा राहील इतकी घट्ट, वर चमचाभर तेल. चमचाभर तेलात ४५ कॅलरी असतात. त्या पोटाला न फुगवता जातात आणि साखरेसारख्या पाणी ओढत नाहीत. हे कुटुंब मांसाहारी, म्हणून उकडलेलं अंडं कुस्करून आणि कोंबडीचं मऊ शिजवून वाटलेलं मांस. पिकलेलं केळं. दिवसातून सहा वेळा, थोडं-थोडं.

“एवढ्या पातळ पोटात तेल?” हा प्रश्न येणारच होता. उत्तर म्हणून मी कार्डावरचे दोन आकडे, ८.१ आणि ७.४, मोठ्या अक्षरांत लिहून दिले आणि सांगितलं की फ्रिजवर लावा. आता कॅलेंडरवर शीच्या रेघा मारायच्या नाहीत. लिहायचं ते हे: दिवसात लंगोट किती वेळा शूने ओला झाला, बाळ खेळलं का, आणि दर तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या त्याच काट्यावर उघडं वजन. ओआरएस प्रत्येक पाण्यासारख्या शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, वाटी-चमच्याने, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा.

पाण्याचा विषय शेवटी आला, पण तो लहान नाही. भांडुपच्या संकुलात शुद्ध होऊन निघालेलं पाणी घरच्या नळापर्यंत येईस्तोवर जुन्या वाहिन्या, तळटाकी, गच्चीवरची टाकी आणि शेवटी घरातलं पिंप असा प्रवास करतं. पावसाळ्यात गटाराचं पाणी कुठेही शिरू शकतं. या घरात पाणी पहाटे येतं, पिंपात भरून दिवसभर वापरतात, आणि ते काढायला बिनदांड्याचा पेला, म्हणजे हात पाण्यात. लांब दांड्याचं ओगराळं आणि बाळासाठी पाणी उकळून झाकून ठेवणं, एवढं बदललं. बाटलीही गेली. तिचं बूच कितीही घासलं तरी आतल्या खाचा स्वच्छ होत नाहीत. आजींनी स्वतःहून माळ्यावरचं चांदीचं बोंडलं काढलं. ते उकळत्या पाण्यात टाकता येतं, आणि त्यावर त्यांचाच हक्क होता, त्यामुळे ती बाजू वादाशिवाय निभावली.

कुल्ल्यांसाठी सुगंधी ओले रुमाल बंद, नुसतं कोमट पाणी, मऊ सुती कापडाने टिपून घेणं, झिंक ऑक्साइडचं जाडसर मलम आणि दिवसाचा काही वेळ लंगोटाशिवाय.

नंतरचे आठवडे

तिसऱ्या दिवशी वजन ७.४५. शी अजून सात वेळा. आई काट्याकडे बघत होती आणि आजी माझ्याकडे. आजींचं म्हणणं सरळ होतं: औषध काढलं, खायला वाढवलं आणि शी आहे तेवढीच. त्यांच्या जागी मीही असंच म्हटलं असतं. पण सात वेळच्या शीवर वजन वाढत असेल तर आतडं अन्न घेतंय, याहून जास्त आम्हाला त्या दिवशी नको होतं.

डॉक्टरबाईंनी एक मुदत आधीच सांगून ठेवली होती. सात दिवसांत वजन चढलं नाही, किंवा पाणी कमी झाल्याच्या खुणा आल्या, तर घरचा प्रयोग थांबवून बाळाला वाडियासारख्या मुलांच्या रुग्णालयात दाखल करायचं. तिथे मग आणखी शोध घ्यायचा: गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी, गव्हाशी निगडित सीलिअॅक, प्रतिकारशक्तीचे आजार. आणि काही गोष्टींना सात दिवसांची मुदतही नाही: बाळ झोपाळलेलं आहे आणि उठवूनही नीट उठत नाही, पिऊ शकत नाही, प्यायलेलं सगळं उलटून टाकतं, डोळे खोल गेलेत, सहा तासांत शू झाली नाही, शीत रक्त आहे, ताप पुन्हा चढला. हे दिसलं तर रात्री दोनलाही निघायचं. ही यादी आईच्या फोनमध्ये आणि आजींसाठी कागदावर, दोन्हीकडे ठेवली.

सातव्या दिवशी वजन ७.६. शी चार-पाच, फेस गेलेला. कुल्ल्यांवर नवी कातडी.

मग दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गडबड झाली. आई पुन्हा कामावर जाऊ लागली होती. वडिलांना सुट्टी होती, घरात अर्धा उरलेला दुधाचा महागडा डबा होता, आणि बाळ तर बरं दिसत होतं. त्यांनी पूर्ण मापाच्या दुधाच्या दोन बाटल्या पाजल्या. संध्याकाळपर्यंत पुन्हा फेस, वारा, रडारड. आजींनी त्यांना दवाखान्यात माझ्यासमोर उभं करूनच सोडलं. खरं तर त्यात घाबरण्यासारखं नव्हतं. टोकं पूर्ण उगवलेली नाहीत, एवढंच त्यातून कळलं. परत पहिल्या आहारावर आणलं. आणखी दहा-बारा दिवसांनी डब्याचं दूध सुरू केलं, तेही आधी खिचडीत दोन चमचे, मग अर्धी वाटी जेवणानंतर, असं. या खेपेला सोसलं. हे न पचणं जन्माचं नसतं, आठवड्यांचं असतं. पण घराघरांत ‘आमच्या बाळाला दूध चालत नाही’ ही पाटी एकदा लागली की वर्षभर उतरत नाही, आणि मग कॅल्शियमसाठी दुसरंच शोधत बसावं लागतं.

मला सहकाऱ्यांनी विचारलं, की काहीच केलं नसतं तरी बाळ बरं झालं नसतं का? कदाचित झालं असतं. पोटाच्या विषाणूंनंतरची ही अवस्था बहुतेक बाळांत आपोआप ओसरते. पण रोज दोनशे कॅलरींच्या तुटीवर ती ओसरायला किती वेळ लागला असता आणि तोवर वजन कुठे गेलं असतं, हा प्रश्न उरतो. अशक्त बाळाला पुढचा संसर्ग लवकर गाठतो, आणि ऑगस्टच्या मुंबईत पुढचा संसर्ग फार लांब नसतो. या बाळाच्या बाबतीत जुलाब सुरू केले विषाणूने. दुसऱ्या आठवड्यापासून ते बहुतांशी त्यांना थांबवण्यासाठी दिलेल्या गोष्टींनी चालू ठेवले, असं माझं मत आहे. डॉक्टरबाई ‘बहुतांशी’ शब्दावर अडखळतात. त्या म्हणतात, ‘अंशतः’ लिही.

घराला दोष देणं सोपं आहे, पण त्या घरातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी जाणत्याने सांगितलेली होती. दूध पातळ कर हे सांगितलं शेजारणीने, खोका दिला दुकानदाराने, सिरप लिहिलं डॉक्टरांनी. तीन वेळा बाळाला तपासायला नेलं, पण काट्यावर पहिल्यांदा ठेवलं ते एकोणिसाव्या दिवशी.

अकरा महिने पूर्ण झाले तेव्हा बाळ ८ किलोवर आलं होतं आणि धरून उभं राहत होतं. आजाराच्या नंतर निदान दोन आठवडे रोज एक जादा जेवण द्यायचं असतं. इथे वजन जुन्या रेषेला लागेपर्यंत ते चालू ठेवायला सांगितलं आहे. शी अजून दिवसाला तीनदा होते, मऊसर, कधी गाजराचे तुकडे जसेच्या तसे दिसतात. त्याला औषध नको, असं फाइलवर लिहून दिलं. पुढची भेट फक्त वजनासाठी.